फिजिओथेरपिस्टची कमाई वाढते कशी? प्रॅक्टिसच्या पहिल्या पाच वर्षांसाठी

डिग्री हातात येते, नोकरी लागते किंवा एखादं छोटं क्लिनिक सुरू होतं. वर्षभरात लक्षात येतं की दिवसाला बारा-बारा पेशंट बघूनही महिनाअखेरीस फारसं उरत नाही आणि संध्याकाळी अंगठे ठणकायला लागतात. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक जण एकच उपाय करतो: तास वाढवतो. मीही तेच केलं. सकाळी हॉस्पिटल, दुपारी क्लिनिक, रात्री होम व्हिजिट. तिसऱ्या वर्षी माझ्याच उजव्या अंगठ्याला पट्टी बांधायची वेळ आली, आणि कमाई पहिल्या वर्षापेक्षा जेमतेम वाढली होती.

आपल्या कामात हात दोनच आणि दिवसाचे तासही ठरलेले. ते ताणून कमाई फार पुढे जात नाही. ती वाढते दोन गोष्टींनी: सुरू केलेले उपचार पूर्ण व्हायला लागले की, आणि प्रत्येक वेळी हात न लावताही आपलं ज्ञान लोकांच्या उपयोगी पडायला लागलं की. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत आणि क्रम मोडू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ऑनलाइन कोर्स काढायला निघालेले बरेच जण मी बघते, ज्यांच्या स्वतःच्या क्लिनिकमधले पेशंट चौथ्या सिटिंगनंतर येईनासे झालेले असतात.

पहिली पायरी: आपल्या एका तासाला खरंच किती मिळतात?

एक साधी वही घ्या आणि चार आठवडे रोज लिहा. पेशंटची तक्रार, कितवी सिटिंग, किती मिनिटं लागली, फी किती ठरली आणि हातात किती आली, जाण्यायेण्यात किती वेळ गेला, नोट्स लिहायला किती, आणि कोण न सांगता आलंच नाही. महिन्याच्या शेवटी खर्च वजा जाता उरलेल्या रकमेला सगळ्या तासांनी भागा. सगळ्या म्हणजे प्रवासाच्या, वाट बघण्याच्या आणि फोनवर बोलण्याच्या तासांसकट.

हा हिशेब डोळे उघडतो. समजा क्लिनिकमध्ये ४५ मिनिटांच्या सिटिंगला १०० एकक (तुमच्याकडच्या दराप्रमाणे कोणतीही रक्कम धरा) मिळतात आणि तेवढ्याच वेळाच्या होम व्हिजिटला १८०. होम व्हिजिट जास्त फायद्याची वाटते. पण जायला ३५ मिनिटं आणि यायला ३५ मिनिटं धरली तर एका व्हिजिटला ११५ मिनिटं जातात. म्हणजे तासाला साधारण ९४ एकक पडले. क्लिनिकमध्ये तासाला १३३ पडतात. आता दुसरी बाजू बघा. क्लिनिकच्या दर १०० मधले ४० भाडं, वीज आणि रिसेप्शनवर जात असतील, तर तिथेही तासाला ८० च उरतात आणि होम व्हिजिट पुढे जाते. तेव्हा ‘होम व्हिजिट परवडते का’ याला सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. ते तुमच्या वहीतच मिळेल.

एक मात्र कुठेही खरं ठरतं. त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीत तीन पेशंट लागोपाठ लावले, तर एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरी जायला दहा मिनिटं धरूनसुद्धा तासाला दीडशेच्या आसपास पडतात. म्हणून होम व्हिजिटचे वार भागाप्रमाणे ठरवून टाका: सोमवार-गुरुवार एक भाग, मंगळवार-शुक्रवार दुसरा. पेशंटला वेळ देताना ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या भागात मी सोमवारी आणि गुरुवारी असते’ असं सांगितलं की लोक सहसा जुळवून घेतात.

दुसरी पायरी: गळती थांबवा

या पायरीवर मी सर्वात जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवीन फिजिओचं सर्वात मोठं नुकसान इथेच होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

नेहमीचं चित्र असं: कंबरदुखीचा पेशंट येतो, दुखणं दहापैकी आठ असतं. चार सिटिंगमध्ये ते तीनवर येतं. पाचव्या दिवशी तो येत नाही. आपण म्हणतो, बरा झाला असेल. पाच-सहा महिन्यांनी तीच कंबर पुन्हा धरते आणि तो दुसरीकडे जातो, कारण त्याच्या मनात ‘तिथे गेलो होतो, तात्पुरता फरक पडला’ एवढंच राहिलेलं असतं. आपण त्याला कधी सांगितलंच नव्हतं की दुखणं कमी होणं हा पहिला टप्पा, त्यानंतर ताकद आणायची असते आणि मग वाकणं, उचलणं, बसणं या रोजच्या कामांची पुन्हा सवय करायची असते.

म्हणून पहिल्या भेटीला पूर्ण तास द्या. मशीन लावायची घाई नको. तपासणी झाल्यावर साध्या भाषेत चार गोष्टी सांगा: काय झालंय, किती आठवडे लागतील, कोणकोणते टप्पे आहेत आणि सुधारणा होतेय हे आपल्या दोघांना कशावरून कळेल. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं. पेशंटला आकडे समजतात. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे लिहा. गुडघा किती अंशांत वाकतो हे गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने, मोजून लिहा. वयस्कर माणूस असेल तर खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायला, वळून परत यायला आणि बसायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं सामान्यतः धरलं जातं. ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हीसुद्धा उत्तम चाचणी आहे आणि तिला खुर्ची आणि घड्याळाशिवाय काहीच लागत नाही. हे आकडे एका कागदावर लिहून पेशंटच्या हातात द्या. दर चौथ्या सिटिंगला पुन्हा मोजा आणि त्याच कागदावर जुन्या आकड्याशेजारी नवा लिहा.

माझ्याकडे गुडघ्याचा सांधा बदललेल्या एक आजी येत. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘काही फरक नाही गं, उगाच येतेय.’ मी कागद पुढे केला. पहिल्या दिवशी गुडघा ६० अंश वाकत होता, त्या दिवशी ९५. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘जिना कधी चढवतेस?’ त्यानंतर त्यांनी एकही सिटिंग चुकवली नाही.

घरच्या व्यायामांचंही तसंच आहे. दहा व्यायामांची छापील यादी देऊ नका, कोणी करत नाही. दोन किंवा तीन द्या आणि पेशंट स्वतः ते करत असताना त्याच्याच फोनवर त्याचा व्हिडिओ काढून द्या. स्वतःला नीट करताना पाहिलेला माणूस घरी गोंधळत नाही.

न सांगता न येणाऱ्यांसाठी आदल्या संध्याकाळी एक निरोप पाठवायची सवय लावा, आणि किती तास आधी कळवायला हवं हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. आठवड्याला ४० सिटिंग ठरलेल्या असतील आणि त्यातल्या ६ फुकट जात असतील, तर १५ टक्के उत्पन्न तिथेच गेलं. ते निम्म्यावर आणलं तरी एकही नवा पेशंट न येता महिन्याला बारा-तेरा सिटिंग वाढतात. कोणत्याही जाहिरातीने एवढं सहज मिळत नाही.

यातून कोणी चुकीचा अर्थ काढू नये. पाच सिटिंगमध्ये काम होत असेल तर पाचव्या दिवशी सोडा, आणि तसं स्पष्ट सांगून सोडा. उपचार लांबवणं म्हणजे पेशंटचा पैसा आणि विश्वास दोन्ही खाणं. मी सांगतेय ते अर्धवट राहिलेल्या उपचारांबद्दल. सोडल्यानंतर सहा आठवड्यांनी एक फोन करून ‘कसं आहे?’ विचारा. त्या एका फोनमुळे घरातलं आणखी कोणीतरी तपासायला येतं, हे मी अनेकदा अनुभवलंय.

तिसरी पायरी: फी

नवीन फिजिओ फी वाढवायला घाबरतो आणि शेजारच्या क्लिनिकपेक्षा कमी ठेवून पेशंट मिळवायला बघतो. आकडे वेगळं सांगतात. महिन्याला १०० एकक जमा होतात आणि ६० खर्च आहे, म्हणजे हातात ४० उरतात. फी १० टक्क्यांनी वाढवली तर जमा ११०, खर्च तोच ६०, हातात ५०. फी दहा टक्के वाढली आणि कमाई पंचवीस टक्के. आणि भीतीप्रमाणे शंभरातले नऊ पेशंट सोडून गेले तरी एकूण जमा जवळपास तेवढीच राहते, फक्त नऊ जणांचं काम कमी होतं.

वाढवताना आधी नव्या पेशंटना नवी फी लावा. जुन्यांना महिनाभर आधी सांगा, चालू असलेला कोर्स जुन्याच दराने पूर्ण करा. पहिल्या तपासणीची फी सिटिंगपेक्षा वेगळी आणि जास्त ठेवा, कारण सर्वात जास्त डोकं तिथे लागतं. दर रिसेप्शनवर लिहून लावा. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या ठरावीक वेळा सवलतीत ठेवा, पण त्या कोणाला द्यायच्या हे तुम्ही ठरवा. घासाघीस करणाऱ्याला सूट आणि संकोची माणसाला पूर्ण फी, हा अन्याय आहे. दहा सिटिंगचं पॅकेज देत असाल तर न वापरलेल्या सिटिंगचे पैसे परत मिळतील हे लेखी द्या.

नोकरी करणाऱ्यांनी पगारवाढ मागताना ‘मी खूप काम करतो’ हे वाक्य टाळावं. वही इथेही कामाला येते. महिन्याला किती नव्या तपासण्या केल्या, किती पेशंटचे उपचार पूर्ण झाले, किती जण नाव घेऊन तुम्हालाच मागतात, हे आकडे समोर ठेवा. मूळ पगार वाढत नसेल तर ठरलेल्या संख्येच्या वरच्या सिटिंगवर टक्केवारी मागा, किंवा कोर्सची फी आणि पगारी रजा मागा. आणि सही करण्याआधी करारात दोन गोष्टी नक्की वाचा: बाहेर स्वतःची प्रॅक्टिस करायला परवानगी आहे का, आणि नोकरी सोडल्यावर किती काळ आणि किती अंतरात क्लिनिक काढता येणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत हे दुसरं कलम मी वाचलंच नव्हतं. ते दोन वर्षांनी कळलं तेव्हा पाहून ठेवलेली जागा सोडावी लागली.

चौथी पायरी: एका विषयात खोल जा

कंबर, मान, गुडघा, खांदा सगळेच बघतात. ज्या तक्रारीसाठी लोकांना कुठे जावं कळत नाही, तिथे तज्ज्ञ माणसाला फीबद्दल फार बोलावं लागत नाही.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचंच घ्या. आर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी या स्नायूंचे व्यायाम १९४८ मध्ये मांडले. आजही बाळंतपणानंतर लघवीवर ताबा राहत नाही म्हणून असंख्य बायका गप्प बसून सहन करतात, आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांना हाच त्रास होतो. हे काम शिकलेले फिजिओ मोजके असतात. इथे एकांत, संमती आणि बोलण्याची रीत फार जपावी लागते, पण एकदा विश्वास बसला की पेशंट लांबून येतात.

चक्कर हा दुसरा असाच विषय. कानातले सूक्ष्म कण जागा सोडून गेल्याने येणारी चक्कर ओळखायची डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून आहे, आणि ती दुरुस्त करायला डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्ली यांची पद्धत वापरतात. बहुतेकदा एक-दोन भेटींत फरक पडतो. सिटिंग कमी होतात हे खरं, पण आठवडाभर भिंत धरून चालणारा माणूस सरळ चालत बाहेर पडला की तो आयुष्यभर तुमचं नाव सांगतो आणि कान-नाक-घशाचे डॉक्टरही तुमच्याकडे पाठवायला लागतात.

खेळाडूंचं गणित उलटं आहे. गुडघ्याच्या क्रूशिएट लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूला मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी देतात, म्हणजे संबंध दीर्घ राहतो आणि त्याच्यामागे अख्खा संघ असतो. हाताच्या दुखापती, लहान मुलं, पक्षाघात, फुप्फुसाचे आजार, यांतलं प्रत्येक क्षेत्र एवढंच मोठं आहे. निवडताना वहीत बघा: कोणते पेशंट आधीच तुमच्याकडे येतात, कोणाबरोबर काम करताना वेळ कसा गेला कळत नाही, आणि तुमच्या परिसरात कोण काय करत नाही.

कोर्सबद्दल थोडं. मॅकेन्झी आणि मुलिगन या न्यूझीलंडच्या फिजिओंच्या पद्धती, ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांची पद्धत, या शिकण्यासारख्याच आहेत. पण भिंतीवरची सर्टिफिकेटं बघून पेशंट येत नाहीत. मी स्वतःसाठी नियम केला: एक पद्धत किमान तीस पेशंटवर विचारपूर्वक वापरून त्याच्या नोंदी ठेवल्याशिवाय पुढच्या कोर्सचे पैसे भरायचे नाहीत.

मशीनच्या बाबतीत याहून जास्त सावध राहा. जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत व्यायाम, शिक्षण आणि हाताने करायच्या काही उपचारांना पाठिंबा आहे. ट्रॅक्शन (मणक्याला ओढ देणं), उपचारासाठी वापरलं जाणारं अल्ट्रासाउंड आणि टेन्स (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देणारं मशीन) मात्र नेहमीच्या वापरासाठी नकोत असं म्हटलं आहे. विक्रेता हप्त्यांची सोय सांगतो. तुम्ही हप्ता भागायला महिन्याला किती सिटिंग लागतील ते मोजा, आणि त्या सिटिंगची पेशंटला खरोखर गरज असेल का, हेही स्वतःला विचारा. हप्ता फेडण्यासाठी मशीन लावायची वेळ आली की तुमचे निर्णय पेशंटच्या बाजूचे राहत नाहीत.

डॉक्टरांकडून पेशंट यावेत म्हणून कमिशन द्यायचा मोह होतो, कोणीतरी तसं सुचवतंही. देऊ नका. तो पैसा शेवटी पेशंटच्या खिशातूनच जातो आणि जास्त टक्के देणारा भेटला की तो डॉक्टरही जातो. त्यापेक्षा पाठवलेल्या प्रत्येक पेशंटबद्दल अर्ध्या पानाचा अहवाल पाठवा: आला तेव्हाचे आकडे, काय केलं, सोडताना आकडे किती. व्यस्त डॉक्टर अर्धं पान वाचतात. वर्षभर हे नेमाने केलं तर तुमचं नाव त्यांच्या तोंडी बसतं.

पाचवी पायरी: एका वेळी सहा जण

इथपर्यंत सगळं एकास एक चाललं. आता गटाकडे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात आधी दोन-तीन माहितीची सत्रं आणि मग फिजिओच्या देखरेखीखाली आठवड्याला दोन याप्रमाणे सहा आठवड्यांत व्यायामाची बारा सत्रं असतात. पुढे तो अनेक देशांत गेला. या रचनेत सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. लोकांना ‘यायला लागा’ म्हटलं तर ते टाळतात, ‘सहा आठवडे’ म्हटलं तर नाव नोंदवतात.

हिशेब बघा. एकट्याच्या सिटिंगला १०० असतील तर गटात प्रत्येकी ३५ ठेवा. सहा जणांचे २१० होतात, पेशंटला एक तृतीयांश खर्चात देखरेख मिळते आणि तुमच्या अंगठ्यांना विश्रांती. शिवाय संधिवाताच्या माणसाला आपल्यासारखे आणखी पाच जण खुर्चीतून उठताना दिसले की त्याला धीर येतो, तो धीर मी बोलून देऊ शकत नाही.

पण आधी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी झालीच पाहिजे. छातीत दुखतं, रक्तदाब ताब्यात नाही, नुकतंच हाड मोडलंय, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, अशांना गटात घेऊ नका. एका फिजिओमागे सहा, फार तर आठ. त्यापुढे कोण काय करतंय ते दिसत नाही.

ज्येष्ठांचा तोल सांभाळण्याचा वर्ग हा दुसरा चांगला गट. ६५ च्या पुढच्या माणसांनी तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो कार्यक्रम पायांची ताकद, तोल आणि चालणं यांवर बेतलेला आहे. मुळात तो घरी करण्यासाठी आहे, पण वर्ग कसा रचावा हे त्यावरून छान कळतं. एकट्याचे उपचार संपलेल्या पेशंटला या वर्गात पाठवलं की तो सुटत नाही आणि पुन्हा पडण्याची शक्यताही कमी होते.

सहावी पायरी: क्लिनिकच्या बाहेर

२०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि अपंगत्वात जगलेल्या वर्षांच्या कारणांत ती सर्वात वर आहे. यातले कित्येक जण रोज कुठल्यातरी ऑफिसात किंवा गोदामात कामावर जातात. कंपनीला गैरहजेरीचा खर्च कळतो, त्यामुळे तिथे बोलणं सोपं असतं.

नवीन माणसाने एक छोटं, ठरलेलं काम देऊ करावं: अर्धा दिवस, दहा जणांच्या बसण्याच्या जागेची पाहणी, पाऊण तासाचं बोलणं आणि शेवटी दोन पानी अहवाल. गोदाम असेल तर वजन उचलण्याची पाहणी. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र इथे फार उपयोगी पडतं. अगदी आदर्श परिस्थितीत उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे, आणि वजन शरीरापासून लांब असेल, वळून उचलावं लागत असेल किंवा वारंवार उचलावं लागत असेल तर ती झपाट्याने खाली येते. फी माणशी न लावता दिवसाची किंवा अर्ध्या दिवसाची लावा, आणि तयारी व अहवाल लिहायचे तास त्यात धरा. माझ्या पहिल्या कंपनीच्या कामात मी फक्त तिथे घालवलेल्या चार तासांचे पैसे घेतले आणि अहवाल लिहायला तीन रात्री गेल्या.

खेळाच्या क्लबसाठी सामन्याप्रमाणे पैसे घेण्यापेक्षा हंगामाचं ठरावीक मानधन चांगलं, दोघांनाही अंदाज राहतो. जिममधल्या ट्रेनरसाठी ‘खांदा दुखत असेल तर काय करू नये’ असा दोन तासांचा वर्ग घ्या. जे त्यांच्या आवाक्यात नाही ते पेशंट मग तुमच्याकडे येतात. कॉलेजात शिकवण्याचे तास मिळाले तर घ्या. पैसे कमी असले तरी शिकवताना स्वतःच्या कामातल्या भोंगळ जागा उघड्या पडतात.

सातवी पायरी: ऑनलाइन

व्हिडिओवर तपासणी होते, पण अर्धीच. हाताला जे कळतं ते पडद्यावर कळत नाही. म्हणून पहिली भेट शक्यतो समोरासमोर आणि पुढच्या व्यायामाच्या भेटी व्हिडिओवर, हे चांगलं जमतं, विशेषतः लांब राहणाऱ्यांसाठी. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, कारण नसताना वजन उतरलंय किंवा ताप आहे, यांतलं काहीही ऐकलंत तर व्हिडिओ थांबवून त्या माणसाला डॉक्टरकडे लगेच पाठवा. पेशंट दुसऱ्या राज्यात किंवा देशात असेल तर तुमची नोंदणी तिथे चालते का, हे आधी तपासा.

रेकॉर्ड केलेला कोर्स लगेच पैसे देत नाही. आधी तुमच्या पेशंटनी वारंवार विचारलेले वीस प्रश्न काढा आणि एकेकाचं तीन मिनिटांत उत्तर द्या. ज्या उत्तराखाली लोक पुढचे प्रश्न विचारतात, तिथे कोर्सचा विषय असतो. पेशंटचा चेहरा किंवा व्हिडिओ लेखी संमतीशिवाय टाकू नका, आणि ‘पाच दिवसांत मणक्याची गादी जागेवर’ असली वाक्यं कधीही लिहू नका. व्यायामाचे रबरी पट्टे, उशा, वॉकर विकत असाल तर गरज असेल तेवढंच द्या आणि बाहेरही मिळतं हे सांगा.

मधला हिशेब

घरचं आणि प्रॅक्टिसचं खातं वेगळं करा. आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला टाका. व्यावसायिक जबाबदारीचा विमा पहिल्या दिवसापासून हवा, पहिली तक्रार आल्यावर काढून उपयोग नाही. आणि तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक ठेवा, कारण आपला हात दुखावला की आपलं उत्पन्न त्याच दिवशी थांबतं. टेबलाची उंची आपल्या उंचीला जुळवून घेणं, अंगठ्याऐवजी कोपर आणि शरीराचं वजन वापरणं, दोन जड पेशंट लागोपाठ न लावणं, हीसुद्धा कमाईचीच काळजी आहे.

आठवी पायरी: दुसरा माणूस

सलग तीन महिने नव्या पेशंटला आठवड्याहून जास्त थांबावं लागत असेल, तर जोडीला फिजिओ घ्यायची वेळ आली. एखादा महिना गर्दी झाली म्हणून घेऊ नका. सुरुवातीला ठरावीक पगार आणि ठरलेल्या संख्येच्या वर टक्केवारी, ही रचना मला सर्वात न्याय्य वाटते. नुसत्या टक्केवारीवर नव्या मुलांचं पोट भरत नाही आणि ती सिटिंग लांबवायला लागतात. आपण स्वतः पहिल्या तीन वर्षांत काय सोसलं ते आठवून पगार ठरवा.

त्या व्यक्तीला तुमची तपासणीची पद्धत, आकड्यांचा कागद आणि डॉक्टरांच्या अहवालाचा नमुना दोन आठवडे शेजारी बसवून शिकवा. नवीन पेशंटची पहिली तपासणी काही महिने तुम्हीच करा आणि पहिल्याच भेटीत त्याची दोघांशी ओळख करून द्या: ‘आज मी बघितलं, पुढच्या सिटिंग हे घेतील, चौथ्या सिटिंगला मोजमाप करताना मी पुन्हा असेन.’ एवढं आधी सांगितलेलं असलं की तुम्ही रजेवर असतानाही पेशंट वेळेवर येतो.